राखेखालची देवळं

१९६६ साली मध्य जावातल्या सांबिसारी गावात एक शेतकरी शेत खणत होता. कुदळ दगडावर आपटली. आजूबाजूची माती काढली तर दगडावर नक्षी दिसली. मग पुरातत्त्ववाले आले, खणत गेले, आणि जमिनीखाली साडेसहा मीटरवर नवव्या शतकातलं शिवमंदिर निघालं. ते मोकळं करून, सुटे दगड जुळवून पुन्हा उभं करायला १९८७ साल उजाडलं. आज ते एका प्रचंड चौकोनी खड्ड्यात उभं आहे. खड्ड्याच्या काठावर उभं राहिलं की आपले पाय जवळजवळ शिखराच्या उंचीवर येतात.

टूर कंपनीच्या छापील कार्यक्रमात सांबिसारीचं नावही नव्हतं. त्यात डाव्या बाजूला देवळं होती, बोरोबुदूर आणि प्रंबानन; उजव्या बाजूला ज्वालामुखी, मेरापी, ब्रोमो, इजेन. मधे हॉटेलं आणि जेवणं. गाईड योग्याकार्ताजवळच्या स्लेमानचा, मुसलमान, पुराणातल्या कथा आमच्यातल्या अर्ध्या लोकांपेक्षा जास्त माहीत असलेला. पहिल्याच दिवशी त्याने बस आडवाटेला घातली आणि सगळ्यांना या खड्ड्यात उतरवलं. गर्दी नाही, फोटोवाले नाहीत. गाभाऱ्यात शिवलिंग, बाहेरच्या कोनाड्यांत उत्तरेला दुर्गा, पूर्वेला गणपती, दक्षिणेला अगस्ती.

“अगस्ती? म्हणजे आमच्या अकोल्याचेच की!” गटातल्या निवृत्त बाई म्हणाल्या. प्रवरेकाठच्या अकोल्यात अगस्तींचं स्थान आहे, आणि बाईंची तिथे शाळेत नोकरी झालेली. जावातला अगस्ती दाढीवाला आणि चांगला ढेरपोट्या आहे. बाईंनी त्यालाही नमस्कार केला.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक काका मात्र देवाकडे न बघता खड्ड्याकडे बघत होते. “एवढा भराव आणला कुणी?” हा त्यांचा प्रश्न. गाईडने उत्तरेकडे बोट दाखवलं. तिकडे ढगात मेरापी होता. भराव त्याने आणला, आणि तो एका रात्रीत आला नाही. उद्रेकानंतर डोंगरावर राख साठते, पावसाळ्यात ती दगडगोट्यांसह नद्यांमधून खाली येते. या चिखलाच्या लोंढ्याला लहार म्हणतात. असे लोंढे पुन्हा पुन्हा आले आणि देऊळ बुडत गेलं. हे एकटं सांबिसारीचं नशीब नव्हे. २००९ साली योग्याकार्तातल्या एका इस्लामी विद्यापीठाने ग्रंथालयासाठी पाया खणला, तर तिथेही देऊळ लागलं आणि आत गणपती बसलेला. विद्यापीठाने इमारतीचा आराखडा बदलून देऊळ जागच्या जागी ठेवलं. त्या भागातल्या भाताच्या खाचरांखाली अजून किती देवळं असतील ते मेरापीलाच ठाऊक.

छापील कार्यक्रमातल्या त्या दोन बाजू इथेच कोलमडल्या. जावात देऊळ आणि ज्वालामुखी ही वेगळी प्रेक्षणीय स्थळं नाहीतच. देवळाचा दगड ज्वालामुखीचा, देऊळ बुडवणारी राख त्याचीच, आणि हजार वर्षं चोरापोरांपासून ते राखलं तेही त्याच राखेने.

प्रंबाननला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. मधलं शिवमंदिर ४७ मीटर उंच. इसवी सन ८५६ च्या एका शिलालेखात अशाच शिवालयाच्या उभारणीचं वर्णन आहे. मूळ आवारात लहानमोठी २४० देवळं होती. त्यातली बहुतेक अजूनही दगडांचे ढीग आहेत. ढीग तसेच ठेवण्यामागे नियम आहे. मूळ दगडांपैकी साधारण तीन चतुर्थांश सापडले, तरच देऊळ उभारायचं. उगाच नवे दगड घालून देखावा करायचा नाही. शिवमंदिराची जुळणी १९१८ साली सुरू झाली आणि १९५३ साली राष्ट्राध्यक्ष सुकर्णोंच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. मे २००६ च्या भूकंपात पुन्हा दगड ढासळले, पुन्हा जुळवणी. आपल्याकडे जीर्णोद्धाराच्या नावाखाली जुन्या देवळांना ऑइलपेंट आणि चकचकीत फरशा लागतात, ते आठवून हा हट्ट फारच आवडला.

शिवमंदिराच्या कठड्याच्या आतल्या बाजूने रामायण कोरलं आहे. प्रदक्षिणा घालत वाचायचं. सेतुबंधनाच्या शिल्पापाशी गाईडने थांबवलं. वानर समुद्रात दगड टाकताहेत आणि खाली मासे ते दगड तोंडात धरून पळवताहेत. सगळे मासे वेगवेगळे, खवल्यांसकट. एकाच्या जबड्यातला धोंडा तर त्याच्या डोक्याएवढा. पाटबंधारेवाले काका तिथे बराच वेळ उभे राहिले. “साहित्य चोरीला जाणं तेव्हापासून आहे म्हणायचं,” एवढंच बोलले. इथून पुढची कथा शेजारच्या ब्रह्माच्या मंदिरावर जाते.

शिवमंदिराच्या उत्तरेच्या गाभाऱ्यातली महिषासुरमर्दिनी स्थानिकांसाठी दुर्गा नाहीच, ती रोरो जोंगरांग. बांडुंग बोंडोवोसो नावाच्या राजपुत्राने मागणी घातली, तेव्हा तिने एका रात्रीत हजार देवळं बांधायची अट घातली. भुतांच्या मदतीने ९९९ झाली. तेव्हा तिने बायकांना भात कांडायला आणि जाळ करायला लावलं. पहाट झाली समजून कोंबडे आरवले आणि भुतं पळाली. चिडलेल्या राजपुत्राने शाप देऊन तिलाच हजारावी मूर्ती केलं. बाईंना ही गोष्ट अजिबात पटली नाही. “नको होता नवरा तर नको होता, त्यात शाप कसला?” गाईड हसला, पण उत्तर त्याच्याकडेही नव्हतं.

बोरोबुदूरच्या वाटेवर मुंतिलान लागतं. रस्त्याच्या दोन्ही कडांना पाथरवटांच्या शेडी आहेत. दगड मेरापीच्या अंगाखांद्यावरून आलेला. एका शेडमध्ये विशीतला पोरगा गणपतीची सोंड उतरवत होता. ओबडधोबड काम ग्राइंडरने, पण डोळ्याची पापणी मात्र बारीक छिन्नीने. दर चार टोल्यांनी तो तोंडाने फुंकर मारून भुकटी उडवायचा आणि अंगठ्याने पापणी चाचपायचा. दगड जवळून पाहिला तर सच्छिद्र, करडा. शेजारी अर्धवट बुद्ध, पलीकडे बागेत ठेवायचे बेडूक. बोरोबुदूर घडवणाऱ्यांनाही हाच दगड मिळाला होता.

मराठी माणसाला इथे वेरूळ आठवणारच. आपलं कैलास लेणंही लाव्हाच्या दगडातलं, आणि काळही जवळपास तोच, आठवं शतक. पण दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच थंड झाला. तो एकसंध पसरला होता, म्हणून राष्ट्रकूटांच्या कारागिरांना वरून खाली देऊळ कोरून काढता आलं. बोरोबुदूरच्या कारागिरांना मिळाले सुटे धोंडे. त्यांनी ते तासून, चुन्याशिवाय एकात एक अडकवून, एका टेकडीभोवती रचले. सुमारे ५५ हजार घनमीटर दगड. खाली सहा चौकोनी मजले, वर तीन गोल, जाळीदार ७२ स्तूप, एकूण ५०४ बुद्धमूर्ती आणि २६७२ शिल्पपट. जावाचा ब्रिटिश कारभारी रॅफल्स याच्या कानावर हे १८१४ साली आलं, तेव्हा सगळं मातीत आणि झाडीत दडलेलं होतं.

वर जायला आता गाईड सक्तीचा आहे आणि पायातल्या चपला काढून विणलेल्या पात्यांच्या सपाता घालाव्या लागतात. दगड झिजू नयेत म्हणून. काकांना कोपऱ्याकोपऱ्यांतली मकरमुखं दिसली आणि त्यांचा चेहरा उजळला. पाणी बाहेर फेकणारी ही तोंडं आहेत. तरीही मुरणाऱ्या पाण्यानेच बोरोबुदूरचा घात केला. आतली टेकडी भिजत गेली, भिंती झुकल्या. १९७० च्या दशकात युनेस्कोच्या मदतीने दहा लाखांहून अधिक दगड क्रमांक घालून उतरवले, आत निचऱ्याची व्यवस्था केली आणि पुन्हा रचले. हे काम १९८३ मध्ये संपलं. काकांच्या मते बोरोबुदूरची खरी करामत शिल्पांत नसून या निचऱ्यात आहे. बाकीच्यांना ते काही पटलं नाही, पण त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. २०१० साली मेरापीची राख येऊन पडली, ती आम्लधर्मी असल्याने दगडाला घातक. ती तर झाडावी लागलीच, शिवाय राखेने तुंबलेला निचरा मोकळा करायला पुन्हा दगड उचलावे लागले. त्यानंतर ज्वालामुखीने डोळे वटारले की इथले कर्मचारी स्तूपांना ताडपत्र्या बांधतात.

मेरापीवर जुन्या उघड्या जीपमधून नेतात. धक्के खात हसत जायचा प्रकार. जीपवाला मुद्दाम पाण्यातून गाडी घालतो, मंडळी ओरडतात. मग एका पडक्या घरापाशी गाडी थांबते आणि हसणं बंद होतं. २०१० च्या उद्रेकात जळालेल्या घराचं हे संग्रहालय. अंगणात गुराचा सांगाडा, आत वितळून वाकलेल्या बाटल्या, मोटारसायकलचा गंजका पिंजरा. भिंतीवर एक घड्याळ, काच वितळून तबकडीला चिकटलेली, काटे बारा वाजून पाच मिनिटांवर. ५ नोव्हेंबरच्या मध्यरात्रीची ही वेळ. त्या उद्रेकात साडेतीनशेहून अधिक माणसं गेली. उद्रेक वाढत गेला तसा शास्त्रज्ञांनी धोक्याचा परिसर वाढवत वीस किलोमीटरपर्यंत नेला आणि लाखो लोकांना हलवलं, म्हणून आकडा तिथे थांबला.

ज्यांनी हलायला नकार दिला, त्यांच्यात मबाह मारिजान होते. योग्याकार्ताच्या सुलतानांनी नेमलेले मेरापीचे राखणदार, वय ८३. डोंगराला दर वर्षी राजवाड्याकडून वस्त्रं आणि नैवेद्य जातो, तो पोचवणं हे त्यांचं काम. २००६ सालच्या उद्रेकातही ते जागचे हलले नव्हते आणि वाचले होते. त्यामुळे प्रसिद्धी इतकी, की एका शक्तिवर्धक पेयाच्या जाहिरातीत झळकले. २६ ऑक्टोबर २०१० ला उष्ण राखेचा लोट त्यांच्या गावावरून गेला. आज त्यांचा मुलगा ते काम करतो. सहलीतल्या एकाने “अंधश्रद्धा” म्हणून विषय संपवला. गाईड म्हणाला, “शास्त्रज्ञ डोंगर केव्हा बोलणार ते सांगतात. मबाह डोंगराशी कसं बोलायचं ते सांगायचे. दोघंही लागतात.” मला स्वतःला शास्त्रज्ञांचंच ऐकावंसं वाटतं, पण मारिजान पळू शकत असूनही राहिले, हे एका शब्दात निकालात काढण्यासारखं नाही.

उतरताना नदीच्या पात्रात एकामागून एक रुंद बंधारे दिसले. लहारचा वेग मोडणारे, गाळ अडवणारे, जपानी मदतीने उभारलेले. काकांनी जीप थांबवायला लावली. बंधाऱ्यामागे साठलेली वाळू भरायला ट्रकांची रांग होती. मेरापीची वाळू बांधकामासाठी नावाजलेली आहे.

ब्रोमो त्यामानाने तयार चित्रासारखा. पहाटे समोरच्या डोंगरावर थंडीत कुडकुडायचं, सूर्योदयाला शेकडो मोबाइल एकदम वर जातात, मग जीपने राखेचं मैदान ओलांडून सुमारे अडीचशे पायऱ्या चढायच्या. तरी विवराच्या ओठावर फुलं वाहिलेला गणपती दिसला आणि मंडळींचे हात आपोआप जोडले गेले. भोवतालचे तेंगर लोक हिंदू. कसद महिन्याच्या पौर्णिमेला ते धान्य, भाजी, कोंबड्या, बकऱ्या विवरात अर्पण करतात, आणि आतल्या उतारावर जाळ्या धरून उभे असलेले लोक जमेल तेवढं झेलतात. कुणाला त्यात गैर वाटत नाही.

इजेनला रात्री चढायचं. विवरात जळत्या गंधकवायूच्या निळ्या ज्वाळा, पहाटे हिरवट आम्लाचं तळं, तोंडाला मास्क. पण नजर जाते ती गंधक वाहणाऱ्यांकडे. बांबूच्या कावडीला दोन टोपल्या, सत्तर-ऐंशी किलो पिवळी ढेकळं, आणि तो विवराचा चढ. खांद्यावर कावडीचे गट्टे उठलेले. सहलीत सांगलीकडच्या साखर कारखान्यातले निवृत्त चीफ केमिस्ट होते. “हे साखर पांढरी करायला जातं,” ते म्हणाले. आपल्याकडच्या कारखान्यांतही रस गंधकाच्या धुराने शुभ्र करतात. एका कामगाराने ट्रॉलीवरून थकलेल्या पर्यटकांना वर ओढण्याचं काम धरलं होतं. गंधकापेक्षा त्यात पैसे बरे, असं तो म्हणाला.

जायचं असेल तर कोरडे महिने गाठा, साधारण मे ते सप्टेंबर. बोरोबुदूरच्या वरच्या मजल्यांची तिकिटं रोज मोजकीच सुटतात, ती आधी घ्या. नाहीतर अंगणातून फोटो काढून परतावं लागेल. टूरवाल्याला सांबिसारी कार्यक्रमात घालायला लावा. प्रंबाननहून ते गाडीने अर्ध्या तासाच्या आत आहे, आणि त्यासाठी बाटिकच्या दुकानातला तास कापला तरी कुणाचं काही बिघडत नाही. मेरापीच्या शिखरावरची चढाई २०१८ पासून बंद आहे. धोक्याची पातळी नोव्हेंबर २०२० मध्ये चारपैकी तिसऱ्या पायरीवर नेली गेली. तिथले ज्वालामुखीतज्ज्ञ ताजी स्थिती नियमित जाहीर करतात; निघण्याआधी ती बघा आणि जीपवाल्याने कितीही आग्रह केला तरी त्यांनी सांगितलेल्या सुरक्षित हद्दीतच राहा.