शाबूत पडद्यामागची गाठ

मध्यकर्णातली न्यूरोएंडोक्राइन गाठ क्वचितच आढळते आणि तिची लक्षणे अगदीच सामान्य असतात. एका कानाने हळूहळू कमी ऐकू येते, कानाला दडे बसल्यासारखे वाटते, कधी आत गुणगुण चालते. कान बहुधा फुटत नाही, ठणकतही नाही. त्यामुळे भंडाऱ्याजवळच्या शहापूरचा रोगी आधी थेंब घालून पाहतो, मग भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात जातो. पुढच्या तपासण्यांसाठी नागपूरचे मेडिकल किंवा मेयो रुग्णालय गाठावे लागते.

दुर्बिणीतून पडदा सहसा शाबूत दिसतो आणि त्यामागे करडा, पांढरट, पिवळसर किंवा लालसर पुंजका असतो. पांढरट दिसला तर कोलेस्टिॲटोमा, म्हणजे कानात साचलेल्या त्वचेचा गोळा, वाटतो, लालसर दिसला तर ग्लोमस. ग्लोमस ही रक्तवाहिन्यांनी भरलेली गाठ असते, म्हणून ओपीडीत सहज चिमटा घालून तुकडा काढणे हा धोक्याचा उतावीळपणा आहे. आधी सीटी स्कॅन हवा. त्यात कानातल्या हाडांची साखळी वेढणारी मऊ गाठ दिसते. हाड मात्र बहुधा खाल्लेले नसते. तरीही स्कॅनवरून निदान पक्के होत नाही.

ते होते पॅथॉलॉजिस्टच्या टेबलावर, आणि खरी कसोटी तिथेच लागते. हाती येणारा तुकडा इवलासा असतो, अनेकदा चिमट्याने चेंगरलेला. एकसारख्या पेशी ग्रंथींच्या, पट्ट्यांच्या किंवा सलग थरांच्या रूपात दिसतात. काही तर प्लाझ्मा पेशींसारख्या भासून चकवतात. मग सिनॅप्टोफायसिन, क्रोमोग्रॅनिन, आयएनएसएम१ आणि केराटिन ही रंजके लावतात. ग्लोमसमध्ये केराटिन सहसा चढत नाही, इथे चढते. आणखी एक फसगत सॅटबी२ या रंजकाची, जे या गाठीत चढते: ते गुदाशयाच्या गाठींतही उमटते, म्हणून ही आतड्यातून पसरलेली गाठ असावी असा चुकीचा शेरा पडू शकतो.

हायम्स आणि मायकेल्स यांनी 1976 मध्ये या गाठीला अॅडिनोमा म्हटले, 1980 मध्ये कार्सिनॉइड असे वर्णन आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या वर्गीकरणाने दोन्हींना न्यूरोएंडोक्राइन गाठ या एकाच नावाखाली आणले.

उपचार म्हणजे गाठ पूर्ण काढणे. वेढलेली हाडेही सोबत काढावी लागतात, नाहीतर गाठ परत येण्याची शक्यता वाढते. ती काही वर्षांनीही पुन्हा उगवू शकते. म्हणून रोग्याने बायोप्सीचा रिपोर्ट जपून ठेवावा, पॅराफिन ब्लॉकचा क्रमांक लिहून घ्यावा आणि कान बरा वाटला तरी तपासणी चुकवू नये.