कोठीची किल्ली

मे महिन्याच्या मध्यावर, 17 तारखेच्या आसपास, परभणीत भरदुपारी सूर्य थेट माथ्यावर येतो. सव्वाबारा उलटून चार-पाच मिनिटं झाली की अंगणात उभ्या माणसाची सावली त्याच्याच पायाखाली गडप होते. आणि आपल्याकडच्या लग्नपत्रिकेवर किती वेळा तरी छापलेलं असतं : शुभमुहूर्त दुपारी 12 वा. 35 मि.

ताईचं लग्न याच वेळेला लागलं. अल्बम आजही कपाटात आहे. पानापानावर माणसं आहेत, पण डोळे कुणाचेच नीट दिसत नाहीत. डोक्यावरच्या उन्हानं खोबणीत काळोख भरलाय, नवरदेवाच्या बाशिंगाची सावली ओठांपर्यंत उतरलीय. मांडवाच्या लाल कापडातून गाळून आलेल्या उजेडानं ताईची हळदही तांबडी झालीय. आणि आई? साऱ्या अल्बमात ती एकदाच आहे. कोठीच्या दारात, पाठमोरी, कमरेला किल्ली.

यंदा पुतणीचं लग्न ठरलं तेव्हा फोटोग्राफर पोरगा आठ दिवस आधी घरी आला, तोही कॅमेरा न घेता. त्यानं मला अंगणात नेऊन हात पुढे करायला सांगितलं. उन्हात तळहात नुसता पांढरा दिसत होता. मग ओसरीच्या उंबऱ्याशी नेलं, तिथं उजेड उत्तरेकडून येतो. हाताची रेघन् रेघ दिसू लागली. म्हणाला, "काका, चेहऱ्याचंही असंच असतं. वेळ अन् जागा तुम्ही द्या, बाकीचं मी बघतो."

त्या दिवसापासून आम्ही लग्नाचा दिवस उजेडाच्या हिशेबानं मांडायला बसलो. हळद सकाळी साडेसातला, लिंबाच्या सावलीत. नवरीचं आवरणं उत्तरेच्या खिडकीपाशी. सकाळी 11 ते दुपारी 4 फोटोला सुट्टी; परभणीच्या उन्हात पाहुण्यांना उभं करणं हा फोटो नव्हे, छळ आहे. मांडवाचं छत पांढऱ्या कापडाचं आणि पश्चिमेची बाजू उघडी. घरच्यांच्या फोटोंची यादी मामाकडे, कारण दोन्हीकडचा माणूस न् माणूस नावानं हाक मारून बोलावणारा तो एकटाच.

मुहूर्ताचं काय, हा प्रश्न उरला. गुरुजींनी पंचांग पुढं ओढलं आणि गोरज दिला, सायंकाळी 6 वा. 35 मि. मी चकित झालो. मेमध्ये आपल्याकडे सूर्य सातच्या जरा आधी मावळतो. फोटोग्राफर ज्या उजेडाची दिवसभर वाट बघतो, तो नेमका हाच. गाई रानातून परतताना उडणारी धूळ आणि तिच्यातून तिरपं येणारं ऊन, याला आपल्या माणसांनी फार पूर्वीच मुहूर्त मानलं होतं. ज्यांनी लग्नघटिका पाण्यावर मोजली, पाण्यात ठेवलेल्या, तळाला भोक असलेल्या वाटीनं, जी 24 मिनिटांत भरून बुडते, त्यांची नजर आभाळाकडे असणारच.

अंतरपाट दूर झाला तेव्हा ऊन मांडवात आडवं शिरलं होतं. आपल्याकडच्या अक्षता ज्वारीच्या. इथल्या कृषी विद्यापीठानं रबी ज्वारीच्या एका वाणाला 'परभणी मोती' हे नाव का दिलं असेल, ते मला त्या क्षणी दिसलं. उधळलेला दाणा न् दाणा हवेत चमकला आणि नवरा-नवरीच्या खांद्यावर उतरला.

पण माझ्या मनात जपून ठेवलेला फोटो त्याच्या वीस मिनिटं आधीचा आहे. कोठी आत्याकडे होती. तूप, साखर, पातेली, आहेराची लुगडी, सगळा हिशेब तिच्या किल्लीला बांधलेला. मामानं तीनदा हाक मारली तर आतून उत्तर आलं, "मी भांडे मोजू लागले, तुमचं चालू द्या." आईही असंच म्हणाली असणार. आणि तिला कुणी दुसऱ्यांदा हाक मारली नसणार.

या वेळी मी आत गेलो आणि हात पुढे केला. आत्यानं क्षणभर माझ्याकडं पाहिलं, मग कमरेची किल्ली सोडून माझ्या तळहातावर ठेवली. ओल्या पदरानं तोंड पुसलं आणि ती उजेडात जाऊन उभी राहिली. तिचे दोन्ही डोळे त्या फोटोत स्वच्छ दिसतात.

तुमच्या घरी कार्य निघेल तेव्हा हळद, देवक, मुहूर्त, पंगत यांच्या वेळा तुम्ही लिहालच. त्याच कागदावर आणखी एक ओळ लिहा. आमच्या कागदावर ती अशी होती : सायंकाळी 6 वा. 15 मि. – कोठीची किल्ली माझ्याकडे.