पोराची खोली आणि औषधाची पेटी



आज पिकाचं कमी आणि घरातलं जास्त लिहितोय. पण वाचा, कारण हे बहुतेकांच्या घरातलं आहे.

आमचा पोरगा यंदा दहावीला. नववीची परीक्षा संपली त्या दिवशी जेवताना म्हणला, "पप्पा, मला माझी खोली पाहिजे. सगळ्यांच्यात झोपायचा कंटाळा आला."

आमच्या घरात खोल्या तीन. एक स्वयंपाकाची, एक सगळ्यांची आणि तिसरी बियाण्याची. दहा बाय बाराची, वर पत्रे, उत्तरेला एक खिडकी. त्यात सोयाबीनच्या बियाण्याची पोती, उरलेलं खत, फवारणीचा पंप आणि भिंतीतल्या फडताळात औषधांच्या बाटल्या. पोरगं हिवाळ्यापासून तिथंच अभ्यासाला बसत होतं, कारण बाहेर टीव्ही चालू असतो. पोत्यावर पाट ठेवायचा आणि लिहायचं.

म्हणलं ठीक आहे, करू. माझ्या डोक्यात आधी रंग आला. त्याला विचारलं, कोणता पाहिजे? म्हणला काळा. मी म्हणलं, काळ्या खोलीत भूत राहतं, माणूस नाही. दोन दिवस आमचं त्यावरच चाललं.

तेवढ्यात कृषी सहायक आले, उगवणशक्ती बघायला. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले होते. अठ्ठ्याहत्तर उगवले. सत्तरच्या पुढं असलं की एकरी 30 किलो बियाणं पुरतं, त्यामुळं मी खुशीत होतो. पण साहेबांचं लक्ष दुसरीकडंच. फडताळाच्या खाली पोराचं दप्तर टेकवलेलं होतं. ते म्हणले, "दादा, औषध आणि दप्तर एकाच खोलीत?" मी हसण्यावारी नेलं. म्हणलं, झाकणं घट्ट आहेत साहेब.

रात्री बायको बोलली. म्हणाली, "अहो, सहामाहीला गणितात मार्क कमी आले तेव्हा तुम्ही त्याला चार लोकांत बोललात. आठवतं का? तो त्या खोलीत जाऊन दोन तास दार लावून बसला होता. मी दाराच्या बाहेर बसून होते. आतून पान उलटायचा आवाज आला की जिवात जीव यायचा."

मला हे माहीतच नव्हतं. मी त्या दिवशी तुरीला पाणी द्यायला गेलो होतो.

मंडळी, हे लिहायला जड जातंय, पण लिहितो. वयात आलेल्या पोराचा राग पावसाच्या सरीसारखा असतो, येतो आणि जातो. पण त्या घडीला हाताशी काय आहे, यावर सगळं असतं. आपल्या गावांत हे कुणाला सांगायला नको. आणि आपण ते औषध पोरांच्या उशाशी ठेवतो, कारण घरात कुलूप आहे आणि शेतातून चोरी होते.

दुसऱ्या दिवशी रंगाचं बाजूला ठेवलं आणि आधी खोली रिकामी केली. हातमोजे घालून, तोंडाला बांधून अकरा बाटल्या काढल्या. तीन मुदत संपलेल्या निघाल्या. मुदत संपलेलं औषध नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतायचं नसतं, त्याचं काय करायचं ते दुकानदाराला आणि कृषी सहायकांना विचारूनच ठरवलं. बाकीच्यांसाठी पत्र्याची पेटी घेतली, शेतातल्या शेडमध्ये भिंतीला बोल्टनं आवळली, कुलूप लावलं. किल्ली आम्हा दोघांकडंच. आता एका फवारणीपुरतंच औषध आणतो. शिल्लक राहिलंच नाही तर सांभाळायचं कशाला?

धान्यात ठेवायच्या गोळ्यांचंही सांगतो. हवेतल्या ओलाव्यानं त्यातून फॉस्फीन वायू सुटतो. ज्या घरात माणूस झोपतं तिथं त्या ठेवायच्याच नाहीत. त्या आपण हातानं वापरायच्या वस्तूच नाहीत, जाणकार माणसाच्या देखरेखीखालीच वापरायला परवानगी आहे.

बियाणं सगळ्यांच्या खोलीत आणलं. खाली लाकडी फळ्या, भिंतीपासून हातभर लांब, आणि पाचच्या वर पोतं चढवत नाही. सोयाबीनची साल नाजूक, खालचं बी दबून मरतं. बीजप्रक्रिया पेरणीच्या वेळीच करतो, त्यामुळं साध्या बियाण्याजवळ झोपायला काही अडचण नाही.

खोली मोकळी झाल्यावर भिंत दिसली. जिथं युरिया आणि डीएपीचे कट्टे टेकलेले असायचे, तिथं कमरेएवढ्या उंचीपर्यंत लोणा लागलेला. गिलावा हातानं भुगा होऊन पडत होता. खताचे क्षार ओलीबरोबर भिंतीत जातात, भिंत सुकली की वर येऊन फुलतात आणि गिलावा फोडतात. जमिनीत खारवट डाग पडतो तसंच हे. त्यावर ऑइलपेंट मारला तर वर्षात पापुद्रे निघतात. म्हणून सुटलेला गिलावा खरवडला, पांढरी भुकटी कोरड्या ब्रशनं झाडली. पाण्यानं धुतली तर क्षार परत आत जातात. महिनाभर उन्हाळ्याची हवा खाऊ दिली, मग साडेतीन फुटांपर्यंत नवा गिलावा आणि वर चुना. चुन्याच्या भिंतीतून ओल बाहेर पडते.

पत्र्यालाही वरून चुन्याचे दोन हात दिले. दुपारी आत बसलं की फरक कळतो.

काळ्याचा तोडगा पोरानंच काढला. तीन भिंती पांढऱ्या आणि एक, टेबलासमोरची, शाळेच्या फळ्यासारखी काळी. फळ्याचाच रंग आणला. आता त्यावर गणितं असतात, क्रिकेटचे स्कोअर असतात आणि काही चित्रं असतात जी मला कळत नाहीत.

पलंग गावातल्या सुतारानं केला, बांधावरच्या पडलेल्या बाभळीचा. लाकूड दोन वर्षं वाळलेलं होतं. टेबल अडीच फूट उंच. ते खिडकीच्या डाव्या हाताला ठेवायला निघालो तर पोरगं म्हणलं, "पप्पा, मी डावखुरा आहे. उजेड उजवीकडून पाहिजे, नाहीतर हाताची सावली वहीवर पडते." पंधरा वर्षांचा झाला तरी बापाच्या हे लक्षात आलं नव्हतं. टेबल फिरवलं.

खर्च विचारणार, म्हणून लिहितो. गवंडी दोन दिवस 1600, वाळू-सिमेंट 1500, चुना आणि रंग 600, सुताराची मजुरी 3500, पंखा 1800, ट्यूब 300, वायरिंग 900, खिडकीची जाळी 700. झाले 10,900. औषधाची पेटी 1400 वेगळी. एकूण 12,300.

शेवटी भांडण झालं ते कडीवरून. पोराला दाराला आतून कडी पाहिजे होती. बायको म्हणाली, अजिबात नाही. तो म्हणला, कडी नसली तर ती माझी खोली कसली? मी दोघांचं ऐकलं आणि कडी बसवली. बायकोला एवढंच म्हणलं, आता आत भ्यायसारखं काही नाही. आणि मी त्याला चार लोकांत बोलणार नाही.

जुलैमध्ये पहिल्या चाचणीचा निकाल आला. गणितात वीसपैकी सात. पोरगं घरी आलं, कुणाशी बोललं नाही, खोलीत गेलं. कडी वाजली. बायको चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं एकदा दाराकडं बघितलं आणि पुढची भाकरी तव्यावर टाकली.

तासाभरानं मी दार वाजवलं. म्हणलं, जेवायला चल, रात्री कुठं अडतंय ते दोघं बघू. दार उघडलं. समोरच्या काळ्या भिंतीवर तेच गणित तीनदा लिहून पुसलेलं होतं.

खोली करायची ऐपत सगळ्यांची एकाच वर्षी नसते, हे मला कळतं. पण औषध घराबाहेर काढायला तेवढे पैसे लागत नाहीत. आज संध्याकाळी घरी गेल्यावर तुमचं फडताळ एकदा बघा. त्याच्या खाली कुणाचं दप्तर टेकलंय, तेही बघा.