कपाटातली नवरी

बाहुली ही खेळायची वस्तू की ठेवायची, या प्रश्नावरून गेल्या दिवाळीत आमच्या घरात चक्क दोन तट पडले. निमित्त झाल्या आमच्या शेजारच्या पारशी आंटी. दादरची जागा सोडताना त्यांनी आपल्या काचेच्या कपाटातली चिनी नवरी आमच्या कन्येच्या हाती ठेवली. जेमतेम फूटभर उंची, कोरीव लाकडी चेहरा, अंगात तांबडा रेशमी झगा, डोक्यावर मण्यांचा मुकुट. आंटींचे आजोबा व्यापारासाठी शांघायला असत; त्यांनी ती तिथल्या ‘डोअर ऑफ होप’मधून आणली होती.

मी पडलो मराठीचा मास्तर. कोणतीही गोष्ट हाती आली की तिची व्युत्पत्ती शोधायची खोड! शोधली, आणि पस्तावलो. 1901 साली शांघायमध्ये मिशनरी बायकांनी उघडलेलं हे घर. कुंटणखान्यात विकल्या गेलेल्या आणि दासी म्हणून राबवलेल्या मुलींना तिथं आसरा मिळे. बाहुलीचं डोकं कारागीर नासपतीच्या लाकडात कोरीत. कपडे मात्र या मुली शिवत. एका बाहुलीला सुमारे महिना लागे. नवरा, नवरी, मूल सांभाळणारी दाई, भिक्षू, सुतकातली पांढरी बाई (त्यांच्याकडे शोकाचा रंग पांढरा), आणि गवताचा पावसाळी झगा पांघरलेला शेतकरी. हा तर आमच्या कोकणातल्या इरलंवाल्याचा चुलतभाऊच!

म्हणजे ज्यांना स्वतःला कधी बाहुली मिळाली नसेल, त्यांनी दुसऱ्यांच्या मुलींसाठी नवरी सजवली. हे कळल्यावर मी ती उचलली आणि पुस्तकांच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं.

“बाबा, तिला कोंडून का ठेवलंस?” कन्येनं विचारलं. ती नऊ वर्षांची आहे; त्या शब्दात मला काय टोचलं हे तिला कळणं शक्य नव्हतं. मी पेपर तपासायला घेतले. कुलूप तसंच राहिलं.

चार दिवसांनी कॉलेजातून घरी येतो, तो कपाट उघडं! दिवाणावर नवरीचा झगा उतरवून ठेवलेला, आणि त्यावर मायलेकी वाकलेल्या. माझा आवाज चढला.

“अहो, ओरडू नका. आधी हे बघा,” सौभाग्यवती म्हणाल्या.

झग्याच्या आत सदरा होता, सदऱ्याखाली विजार. उजव्या अंगाला कापडाच्याच गाठींची इवलीशी बटणं. जिथं कुणाची नजर जाणार नाही तिथंही टाके मोहरीएवढे, एकसारखे. ते निघावेत, पुन्हा घालावेत, म्हणूनच तर शिवलेले.

एका बटणाचा फास तेवढा तुटला होता. जुनाच असेल, किंवा नसेलही. मी चौकशी केली नाही. कन्येनं तो स्वतःच शिवला. दोरा गुलाबी, टाके तांदळाएवढे. नवरी आता सावंतवाडीच्या ठकीशेजारी भातुकलीत बसते आणि कपाटाची किल्ली कुठे आहे, हे मला ठाऊक नाही.