टाकीच्या आधीचा हिशेब

बदलापूर हे नाव कसं पडलं, याची एक गोष्ट आमच्या गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. सुरतेच्या वाटेने दौडत निघालेले मराठ्यांचे स्वार इथे उल्हास नदीकाठी थांबत, दमलेले घोडे सोडत, ताजे घेत आणि पुढे निघत. घोडे बदलण्याचं ठिकाण, म्हणून बदलापूर. गोष्ट ऐकीव आहे, पण मला ती फार उपयोगी पडते. मी बदलापूरच्याच कुळगावात राहतो आणि अभियांत्रिकीच्या मुलांना थर्मल इंजिनिअरिंग शिकवतो. दरवर्षी पहिल्या तासाला मी मुलांना विचारतो: ताजा घोडा मिळाल्यावर स्वार झपाट्याने पुढे गेला, हे खरं, पण त्या घोड्याची वैरण कोणी कापली, कुठून वाहून आणली आणि पागेत नुसता उभा असताना त्याने ती किती खाल्ली?

गेली काही वर्षं सोसायटीच्या बैठकीत, लग्नाच्या पंगतीत, सकाळच्या लोकलमध्ये एकच प्रश्न विचारला जातो. ‘‘सर, आता गाडी कुठली घ्यावी? पेट्रोल, इलेक्ट्रिक, की हायड्रोजनची येईपर्यंत थांबू?’’ विचारणाऱ्याला घोड्याबद्दल ऐकायचं असतं आणि मला वैरणीपासून सुरुवात करावी लागते.

आमच्या प्रयोगशाळेत, बहुतेक सगळ्याच कॉलेजांत असतं तसं, एक सिलिंडरचं किर्लोस्कर डिझेल इंजिन आहे. पाच अश्वशक्तीचं. त्याच्या ड्रमवर दोर गुंडाळलेला असतो, दोराच्या एका टोकाला वजनं आणि दुसऱ्या टोकाला स्प्रिंग बॅलन्स. वजन चढवलं की इंजिनाचा आवाज जड होतो, दोर तापून करपल्यासारखा वास येतो आणि ड्रमवर पाणी सोडावं लागतं. एक मुलगा काचेच्या ब्युरेटमधलं डिझेल दहा घनसेंटिमीटर खाली जायला किती सेकंद लागतात ते स्टॉपवॉचवर पाहतो, दुसरा थंडाव्याच्या पाण्याचं आत जातानाचं आणि बाहेर येतानाचं तापमान वाचतो. मग मुलं ताळेबंद मांडतात. इंधनातली शंभर भाग उष्णता धरली तर पूर्ण भाराला सत्तावीस-अठ्ठावीस भाग ड्रमवर काम म्हणून येतात. बाकीचे पाण्यातून, धुराड्यातून आणि इंजिनाच्या अंगातून हवेत जातात. मुलांना हा आकडा पहिल्यांदा दिसतो तेव्हा आपलंच काहीतरी चुकलं असं वाटून ती पुन्हा मोजतात. चुकलेलं नसतं.

त्यानंतरचं वाचन मला जास्त महत्त्वाचं वाटतं. वजनं उतरवून अर्ध्या भाराला मोजलं की कार्यक्षमता विशीच्या आसपास येते. सगळी वजनं काढली की ती शून्य होते. इंजिन चालू आहे, डिझेल खाली उतरतंय, पाणी गरम होतंय आणि काम काहीच होत नाही. काटई-बदलापूर रस्त्यावर संध्याकाळी वाहतूक अडकते तेव्हा हजार गाड्या मिळून हाच शून्य भाराचा प्रयोग करत असतात. आजचं चांगलं पेट्रोल इंजिन त्याच्या आवडत्या वेगाला आणि भाराला ३५ टक्क्यांच्याही पुढे जातं. पण आपण त्याला त्या वेगाला कधी चालवतो? गावातल्या गावात ते १५ ते २० टक्क्यांवरच येऊन थांबतं. घरी पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवून पाहावा. हाताला जे चटकतं, ते पंपावर पैसे मोजून घेतलेलं पेट्रोलच आहे.

तुलना करायची तर मापं एक हवीत. पेट्रोल लिटरमध्ये, हायड्रोजन किलोत आणि वीज युनिटमध्ये, असं असताना माणूस गोंधळणारच. म्हणून मी सगळं विजेच्या बिलावरच्या युनिटमध्ये आणतो. एक लिटर पेट्रोलमध्ये जवळजवळ नऊ युनिट ऊर्जा असते. एक किलो हायड्रोजनमध्ये ३३ युनिट.

आता मध्यम आकाराची गाडी आपल्या रस्त्यांवर शंभर किलोमीटर चालवू. पेट्रोलची असेल तर सात लिटर, म्हणजे ६२-६३ युनिट. विजेची असेल तर बॅटरीतून साधारण १५. माझ्या स्वतःच्या इलेक्ट्रिक गाडीसाठी पार्किंगमध्ये वेगळा मीटर आहे आणि त्याची नोंद मी वहीत ठेवतो. गाडीचा पडदा २४ युनिट भरले म्हणतो तेव्हा भिंतीवरचा मीटर २७ पुढे सरकलेला असतो. मधली तीन चार्जरच्या आणि बॅटरीच्या उष्णतेत गेली. म्हणजे १५ ऐवजी १७ धरायला हवीत. हायड्रोजनच्या गाडीला शंभर किलोमीटरला सुमारे एक किलो लागतो, म्हणजे टाकीत ३३ युनिट.

६२, १७ आणि ३३. इथे थांबलं तर हायड्रोजन अगदी वाईट दिसत नाही. पेट्रोलच्या निम्म्यात काम भागतंय आणि नळीतून नुसतं पाणी पडतंय. पण हायड्रोजनच्या विहिरी आपल्याकडे नाहीत, तो बनवावा लागतो. विजेने पाण्याचं विघटन करून एक किलो बनवायला ५० ते ५५ युनिट जातात. मग तो हवेच्या ७०० पट दाबाखाली टाकीत कोंबायला आणखी काही. म्हणजे टाकीत ३३ युनिट येण्याआधी भिंतीतून ५८-५९ निघालेले असतात आणि गाडीतला फ्युएल सेल त्या ३३ पैकी निम्म्याचीच परत वीज करतो. त्या गाडीचं चाक शेवटी विजेच्या मोटरनेच फिरतं. वीज, हायड्रोजन, पुन्हा वीज, अशी ही फेरी आहे. सरळ बॅटरीत भरली असती तर तेवढ्याच विजेवर गाडी तिप्पटीहून जास्त लांब गेली असती. हा तंत्रज्ञांचा आळस नव्हे. फ्युएल सेल उद्या बराच सुधारला तरी ही फेरी घालण्याची किंमत द्यावीच लागेल.

हायड्रोजनवर काम करणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे आणि ती माणसं आपल्याच भागातली आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांच्या साथीने केपीआयटी या कंपनीने स्वदेशी फ्युएल सेलवर चालणारी बस बांधली आणि ऑगस्ट २०२२ मध्ये ती पुण्यात लोकांसमोर आली. त्याच वर्षी मार्चमध्ये नितीन गडकरी टोयोटाच्या मिराई गाडीतून संसदेत गेले, ते चित्र सगळ्यांनी पाहिलं. मिराई म्हणजे जपानीत भविष्य. तिच्या टाक्यांत साडेपाच किलोच्या आसपास हायड्रोजन मावतो, पाच मिनिटांत भरतो आणि गाडी सहाशे किलोमीटर जाते. विजेच्या गाडीला हे जमत नाही, हे मान्य करायलाच हवं. लांब पल्ल्याच्या अवजड ट्रकसाठी, जिथे बॅटरीचं वजनच मालाची जागा खाईल, तिथे हायड्रोजनचा विचार मी बाद करणार नाही.

पण कुळगावात राहणाऱ्याने त्याची वाट पाहत थांबावं का? अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीजवळ लांब नळकांड्यांची चळत घेऊन जाणारे ट्रेलर दिसतात. अशा एका ट्रेलरमध्ये २०० पट दाबाखाली फार तर तीनशे-साडेतीनशे किलो हायड्रोजन असतो. बाकी सगळं वजन पोलादाचं. त्यातली ऊर्जा हजार-बाराशे लिटर पेट्रोलइतकी. शेजारून जाणारा पेट्रोलचा टँकर १२,००० लिटर नेतो. एका टँकरच्या जागी दहा ट्रेलर रस्त्यावर आणून गल्लीतल्या गाड्या चालवण्यात मला अर्थ दिसत नाही. चेंबूर आणि थळच्या खत कारखान्यांत अमोनियासाठी नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन बनवला जातो आणि किलोमागे नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. ४ जानेवारी २०२३ ला केंद्राने १९,७४४ कोटींचं हरित हायड्रोजन अभियान मंजूर केलं. त्यातून तयार होणारा प्रत्येक किलो आधी खताला आणि पोलादाला जावा, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे त्याला पर्याय नाही. गाडीला आहे.

आता इलेक्ट्रिक गाडीलाही तोच नियम लावतो, नाहीतर हा हिशेब प्रामाणिक होणार नाही. भिंतीतून १७ युनिट निघाली, पण ती भिंतीत तयार झालेली नाहीत. तारांमधली आणि वितरणातली गळती धरली तर वीजकेंद्रातून २० निघावी लागतात. ती चंद्रपूरला कोळसा जाळून आली असतील, तर बॉयलर, टर्बाइन आणि कूलिंग टॉवर यांच्यात शंभरातले जवळजवळ ६५ भाग जातात. म्हणजे वीस युनिटांसाठी ५७-५८ युनिटांचा कोळसा. पेट्रोलच्या गाडीच्या ६२ ला खनिज तेल उपसणं, शुद्ध करणं, वाहणं यांची भर घातली तर ७५ च्या आसपास जातं. ७५ आणि ५८. फरक आहे, पण जाहिरातीत दाखवतात तेवढा नाही. आणि कोळशाच्या विजेवर बनवलेल्या हायड्रोजनची गाडी याच मापाने दोनशेच्या जवळ पोहोचते. तिच्यापेक्षा जुनी पेट्रोल गाडी कितीतरी बरी.

कार्बनचंही तसंच. आपल्या देशातली वीज आज सरासरी युनिटमागे सातशे ग्रॅमच्या थोडा वर कार्बन डायऑक्साइड सोडते. म्हणजे इलेक्ट्रिक गाडी शंभर किलोमीटरला १४-१५ किलो, पेट्रोलची शुद्धीकरणासकट १९ च्या आसपास. चार-साडेचार किलोंची बचत. पण तीस युनिटांची बॅटरी बनवतानाच दोन-तीन टन सोडून झालेले असतात. ते कर्ज फेडायला आजच्या विजेवर पन्नास-साठ हजार किलोमीटर चालवावं लागतं. विजेत सूर्याचा आणि वाऱ्याचा वाटा वाढेल तसं ते लवकर फिटेल, छपरावर स्वतःचं सोलर असेल तर फारच लवकर.

इथे मला माझ्या गावाकडे पाहावं लागतं. बदलापूरचा नोकरदार कामाला गाडीने जात नाही, तो लोकलने जातो. त्याची गाडी आठवडाभर झाकून उभी असते आणि रविवारी बाहेर पडते. वर्षाला पाच-सहा हजार किलोमीटर. तेवढ्या वापरावर बॅटरीचं कर्ज फिटायला दहा वर्षं जातात. म्हणून चांगली चालणारी पेट्रोल गाडी विकून इलेक्ट्रिक घेऊ का, असं यांच्यापैकी कोणी विचारतो तेव्हा मी त्याला नको म्हणतो. ती नीट वापर, टायरमधली हवा दर पंधरवड्याला बघ आणि लोकल सोडू नकोस.

कारण आपल्याकडची सगळ्यात कार्यक्षम विजेची गाडी फलाटावर येते. पोलादी चाक पोलादी रुळावर फिरतं तेव्हा त्याचा अडथळा रबरी टायरच्या एका लहान हिश्श्याइतकाच असतो. तिला बॅटरी वाहावी लागत नाही, वीज तारेतून येते. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेची गाडी धावली. त्याच दशकाच्या अखेरीस बोरघाटात विजेची इंजिनं आली आणि घाट उतरताना ती मोटरचं जनित्र करून वीज तारेत परत पाठवत. उतरणारी गाडी चढणाऱ्या गाडीला हातभार लावे. आज इलेक्ट्रिक कारच्या विक्रेत्याकडून नवलाईने ऐकायला मिळतं ते हेच. मी लोणावळ्याहून खोपोलीला उतरलो तेव्हा मुद्दाम गणित केलं: साडेपाचशे मीटरचा उतार, माणसांसकट सोळाशे किलोची गाडी, म्हणजे सव्वादोन-अडीच युनिट. चाकांच्या आणि हवेच्या घर्षणात जाईल ते जाऊन उरलेलं बॅटरीत येतं. पेट्रोलच्या गाडीत तेच ब्रेकच्या तबकड्या तापवून संपतं. खोपोलीत चहाच्या टपरीजवळ उतरलं की करपलेल्या ब्रेकचा वास येतो, तो त्याचाच.

मग कुळगावात कोणाचं इंजिन आधी बदलावं? ज्याचं चाक दिवसभर फिरतं, त्याचं. आमच्या स्टेशनबाहेरच्या स्टँडवरचे एक रिक्षावाले दादा मला रोज भेटतात. मी त्यांच्यासोबत बसून त्यांचा दिवस मोजला. नव्वद-शंभर किलोमीटर, त्यातलं बहुतेक थांबत, वळत, पुलावर चढत, कधीच आवडत्या वेगाला नाही. त्यांच्या रिक्षाला त्यासाठी पावणेतीन किलो सीएनजी लागतो, म्हणजे ३६-३७ युनिट. विजेच्या रिक्षाला भिंतीतून आठ पुरतात. कोळशाच्या विजेवर कार्बनमध्ये आज जेमतेम बरोबरी होते, हे मी त्यांना लपवून ठेवलं नाही. पण एक गोष्ट त्यांच्या दिनक्रमातच दिसली. दुपारी साडेबारा ते चार गाड्या रिकाम्या येतात, तेव्हा रिक्षा स्टँडवर नुसती उभी असते. नेमकं तेव्हाच सौर वीज सगळ्यात जास्त तयार होत असते. आठ युनिट तीन किलोवॉटच्या चार्जरवर पावणेतीन तासांत भरतात. दुपारच्या झोपेइतकाच वेळ.

मी वहीत हे सगळं मांडून दाखवलं तेव्हा ते आकड्यांकडे बराच वेळ पाहत राहिले. मग मान वर करून त्यांनी स्टँडच्या पत्र्याकडे पाहिलं, स्टेशनच्या भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘‘सर, हिशेब पटला. पण मला दाखवा, इथे प्लग कुठे आहे?’’

आम्ही दोघांनी उठून स्टँडची लांबी पावलांनी मोजली. एका वेळी तेवीस रिक्षा उभ्या राहतात. प्रत्येकी तीन किलोवॉट, एकदम लावल्या तर ६९ किलोवॉट. दिवसभरात पाळीपाळीने आठ-आठ लावल्या तर २४ च पुरतात. वर पत्रा आहे, दुपारभर त्यावर ऊन असतं. नगरपालिकेला द्यायचा अर्ज मी त्याच रात्री लिहायला घेतला. पहिल्या ओळीत मागणी आहे ती आठ प्लगची.