काझातला एक मुक्काम

ग्रांफूहून काझाला जाणारा रस्ता म्हणजे दगडगोटे आणि रस्त्यावरूनच वाहणारे नाले. साडेचार हजार मीटरहून उंच कुंझुम खिंड उतरताना माझ्या डर्ट बाईकची डावी ग्रिप हँडलवर गोल फिरू लागली. क्लच दाबताना पकड सुटायची. भीतीने घाम फुटला.

काझातल्या मेकॅनिकने जुन्या ग्रिप ब्लेडने चिरून काढल्या, हँडल पुसून कोरडं केलं. उजव्या ग्रिपचं भोक मोठं असतं, कारण ती थ्रॉटलच्या नळीवर बसते, हे तेव्हा कळलं. ''दीदी, गोंद रात्रभर सुकू द्या,'' तो म्हणाला.

सकाळी थ्रॉटल सोडताच झटकन मागे येतोय ना, हे पाहूनच निघाले. एक दिवस गेला, पण हात घट्ट होते. तुम्हीही निघण्यापूर्वी ग्रिप एकदा पिळून बघा.