कलम १३-ब यास

प्रिय कलम १३-ब,

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात तू आलंस १९७६ साली. तोवर सुटायचं तर बहुतेक वेळा समोरच्याचा दोष दाखवावा लागे: व्यभिचार, असाध्य वेड, महारोग. पटत नाही म्हणून दोघांनी मिळून अर्ज करावा, ही सोय या कायद्यात नव्हतीच. एकमेकांची अब्रू चव्हाट्यावर न आणता वेगळं होण्याची वाट तू दिलीस. म्हणून तुझ्याविषयी मला मनापासून आदर आहे, आणि म्हणूनच माहूर भागात तुझ्या नावावर काय खपवलं जातं, ते तुला कळवतो आहे.

‘आपसात फारकत झाली’ असं इथं सर्रास ऐकू येतं. ती झालेली असते बाँडपेपरवर. बाई पिशवीतून रेशनकार्डाबरोबर तो कागद काढते. घड्यांवर विरलेला, नोटरीचा शिक्का, दोन्हीकडच्या पंचांच्या सह्या, खाली तिचा अंगठा. मजकूर ठरलेला: राजीखुशीनं वेगळे झालो, पुढं कसलाही हक्क सांगणार नाही.

नोटरीला लग्न मोडण्याचा अधिकारच नाही. समाजात काडीमोडीची जुनी रूढी असेल तर कलम २९ ती मानतं, पण ती कोर्टात पुराव्यानिशी सिद्ध करावी लागते. (किनवट-माहूरच्या गोंड, कोलाम, आंध यांना तर तू लागूच नाहीस, अनुसूचित जमाती या कायद्याबाहेर आहेत. तांड्यावरच्या बंजाऱ्यांना मात्र आहेस.) नवरा त्या कागदाच्या जोरावर दुसरी करतो. पहिली पोटगी मागायला गेली की तोच कागद तिच्यापुढं धरतात, कारण परस्पर संमतीनं वेगळं राहणाऱ्या बायकोला पोटगी नाही, असं कायद्यातच लिहिलं आहे.

तुझी रीत वेगळी. वर्षभर वेगळं राहिलेलं असावं. एका छपराखाली असले तरी नवरा-बायको म्हणून नांदत नसले की पुरे. मग दोघांचा एकत्र अर्ज, आणि सहा महिन्यांनंतर, अठरा महिन्यांच्या आत, दोघांनी पुन्हा येऊन सांगायचं. २०१७ साली अमरदीप सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ही सहा महिन्यांची अट शिथिल केली. पोटगी, मुलांचा ताबा सगळं मिटलेलं आणि समेटाची आशा संपलेली असेल, तर न्यायाधीश ती माफ करू शकतात. जे आधीच सगळं ठरवून आलेत त्यांना ती सूट मिळायलाच हवी. पण इथल्या बाईला ते सहा महिने लागतात. स्त्रीधन परत मिळालं का ते बघायला, विधी सेवा समितीकडून फुकट वकील मिळवायला (१९८७ च्या कायद्यानं तो प्रत्येक बाईचा हक्क आहे, मिळकत कितीही असो), आणि मन बदललं तर मागं फिरायलासुद्धा. संमती हुकूमनाम्यापर्यंत टिकली पाहिजे, हे १९९१ च्या सुरेश्ता देवी निकालात स्पष्ट आहे. हे तिला कुणी सांगतच नाही.

नांदेडचं कोर्ट इथून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. रोजगार बुडवून, भावाच्या किंवा सासरच्याच गाडीतून ती तारखेला जाते आणि ‘हो म्हण’ एवढंच शिकवलेलं असतं. तुझ्यात न्यायाधीशांनी पक्षकारांचं ऐकून, योग्य वाटेल ती चौकशी करून खात्री करावी, असं लिहिलं आहे. त्या ओळीचा अंमल हवा. दुसऱ्या तारखेला तिला नातेवाइकांपासून बाजूला घेऊन विचारावं; मराठी जड जात असेल तर बंजाऱ्यांच्या गोरमाटीत विचारणारं कुणी जवळ असावं. आणि ठरलेली रक्कम तिच्या खात्यात जमा झाल्याचं पासबुकात पाहूनच तिचा जबाब लिहून घ्यावा.

तुझा,
माहूर तालुक्यातला एक कागद वाचून देणारा